हो, नाही आणि ‘तसं म्हटलं तर हो’

वीस प्रश्नांत नाव ओळखायचा खेळ आमच्यात शिरला २०२० च्या टाळेबंदीत. त्याआधी गावांच्या भेंड्या झाल्या होत्या, नाव-गाव-फळ-फूल झालं होतं. व्हिडिओ कॉलवर गाण्याच्या भेंड्याही खेळून पाहिल्या, पण प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या मागे धावत यायचा. दोन अंतऱ्यांतच लोक कंटाळले. मग डोंबिवलीच्या काकांनी हा खेळ सुचवला. एकाने कोणा प्रसिद्ध व्यक्तीचं नाव मनात धरायचं, बाकीच्यांनी हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. विसाव्या प्रश्नापर्यंत नाव निघालं नाही तर धरणारा जिंकला.

आम्ही सगळे शब्दकोड्यांच्या नादाने एकमेकांना सापडलेलो. त्यामुळे कोण कसा दिसतो याच्यापेक्षा कोणाला आडव्या शब्दांत अडायला होतं आणि कोणाला उभ्या, हे जास्त ठाऊक. बेळगावच्या ताई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. काका बँकेतून निवृत्त. मस्कतचे दादा, आइंडहोव्हनचा एक अभियंता, सॅन होजेचा एक रात्रीचा राजा आणि मूळची वर्ध्याकडची, आता नागपुरात असलेली एक मुलगी, जी पंधरा प्रश्न गप्प बसायची आणि सोळाव्याला नाव सांगून मोकळी व्हायची. मी कोल्हापूरची. घड्याळं एवढी वेगवेगळी असल्यामुळे खेळ व्हॉट्सॲपवर लिहूनच चालायचा. एक नाव दोन-दोन दिवस टिकायचं. माझा सकाळचा चहा व्हायचा तेव्हा सॅन होजेचे प्रश्न येऊन पडलेले असायचे.

नियम हळूहळू जमत गेले, बहुतेक भांडणातून. प्रश्नाला क्रमांक हवा. आधीच्याचं उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही. ‘लेखक की कवी?’ असला प्रश्न बाद. ‘हयात नाहीत ना?’ असला उलटा प्रश्नही बाद, कारण त्याला ‘हो’ म्हटलं तर माणूस मेला की जगला ते कळेना. गूगल वर्ज्य. हे तपासणार कोण, तर कोणी नाही. धरणाऱ्याने आधी नाव कागदावर लिहून त्याचा फोटो काढून ठेवायचा आणि खेळ संपल्यावर तो टाकायचा. म्हणजे मधेच माणूस बदलला असा आरोप नको. हा कागद पुढे एकदा फार कामाला आला, ते सांगते.

सुरुवातीला सगळ्यांना वाटायचं की खरी कसोटी विचारणाऱ्याची. आइंडहोव्हनच्या अभियंत्याने तर पहिल्याच आठवड्यात गणित मांडून दाखवलं. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या नावांचे बरोबर दोन भाग पडत असतील, तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ नावांतून एक शोधता येतं. आम्हाला मिळून हजारभर नावं तरी माहीत असतील का? त्याला दहा प्रश्न पुरावेत. मग आपण विसांत का हरतो?

हरत होतो, कारण प्रश्न अर्धे करणारे नव्हते. ‘पुरुष आहे का?’ हा पहिला प्रश्न सगळ्यांचा लाडका. पण लोक धरायचे ती नावं बहुतेक पुरुषांचीच (यावर ताईंनी एकदा सगळ्यांना चांगलंच झापलं होतं), त्यामुळे ‘हो’ आलं तरी हाती काही लागायचं नाही. ज्याचं उत्तर आपण आधीच सांगू शकतो, तो प्रश्न फुकट गेला म्हणायचा. त्यापेक्षा ‘१९०० च्या आधी जन्म?’ हा चांगला. मग १८५०, मग १८७५. सालं अशी कापत गेलं की पाचेक प्रश्नांत माणूस एखाद्या पिढीत तरी येऊन बसतो. ‘हे गायक आहेत का?’ असला नेमका प्रश्न लवकर विचारणं हा जुगार. लागला तर लागला, नाही तर सगळे वकील, वैद्य, पहिलवान, नट अजून तसेच शिल्लक.

याच अभियंत्याने पुढे एक खोडी काढली. सहाव्या प्रश्नाला विचारलं, ‘आडनावाचं पहिलं अक्षर क ते न यांच्यात आहे का?’ मग क ते घ, मग क की ख, असं करत वर्णमालाच कापत गेला आणि त्या माणसाविषयी काडीची माहिती नसताना आडनावापर्यंत पोचला. चूक काहीच नव्हतं. पण त्या दिवशी गटात कोणी ‘वा’ म्हटलं नाही. काकांनी लिहिलं, ‘हे ओळखणं नव्हे, ही जनगणना.’ दुसऱ्या दिवशी अक्षरांवरचे प्रश्न बंद झाले.

खरी मजा मला कळली ती माझ्यावर नाव धरायची पाळी येऊ लागली तेव्हा. विचारणाऱ्याला फक्त प्रश्न सुचावा लागतो. धरणाऱ्याला मात्र एका माणसाचं अख्खं आयुष्य ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यात बसवावं लागतं, आणि ते बसत नाही.

साधा प्रश्न घ्या, ‘जन्म महाराष्ट्रात झाला का?’ काकांनी भीमसेन जोशी धरले होते. जन्म १९२२, गदग. काकांनी ‘नाही’ म्हटलं आणि ते बरोबरच होतं. ताईंनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, ‘तेव्हाच्या मुंबई इलाख्यात?’ हो! धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, त्यात गदग. बेळगावात आयुष्य गेलेल्या बाईला हा प्रश्न सुचणारच. मग नागपूरच्या मुलीने काडी टाकली की महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला, तेव्हा त्याआधी जन्मलेल्या कोणाचाच जन्म महाराष्ट्रात झाला नाही. आमचं नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, नांदेड-औरंगाबाद तोवर हैदराबादेत, आणि गोव्यात जन्मलेला दामोदर कोसंबी तर पोर्तुगीज मुलखातला. शेवटी ठरलं, आजचा नकाशा धरायचा. हा नियम इतिहासाला धरून नाही हे सगळ्यांना कळत होतं, पण खेळ पुढे जायला हवा ना!

‘मराठी आहे का?’ हा त्याहून वाईट प्रश्न. रजनीकांत, जन्म बंगळुरूचा, घरचं नाव शिवाजीराव गायकवाड. काय उत्तर द्याल? मस्कतच्या दादांनी ‘हो’ दिलं आणि गट दादासाहेब फाळक्यांपासून निळू फुल्यांपर्यंत सगळीकडे हिंडून आला. मराठी सिनेमात एकेक करून सगळे शोधले, तमिळकडे कोणी फिरकलंच नाही.

पण ज्या उत्तरावरून दोन दिवस धुसफूस चालली, ते ताईंचं. त्यांनी आनंदीबाई जोशी धरल्या होत्या. अभियंत्याने छान सुरुवात केली. हयात? नाही. स्त्री? हो. १९०० च्या आधी मृत्यू? हो. पुण्यात मृत्यू? हो. परदेशी गेल्या होत्या? हो. इथवर येऊन मला नाव कळलंच होतं, पण तो विचारत होता म्हणून मी थांबले. त्याने विचारलं, ‘व्यवसायाने डॉक्टर?’ ताईंचं उत्तर, ‘नाही.’

मी दोनदा वाचलं. म्हणजे आनंदीबाई नाहीतच! मग कोण? रमाबाई रानडे? त्या तर १९२४ पर्यंत होत्या. पंडिता रमाबाई? त्याही १९२२ पर्यंत, आणि पुण्यात वारल्या नाहीत. आम्ही सगळे मिळून कुठल्या कुठे गेलो. वीस प्रश्न संपले, ताईंनी कागदाचा फोटो टाकला आणि गटात बॉम्ब पडला.

ताई मात्र ठाम. आनंदीबाईंना पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली १८८६ मध्ये. त्याच वर्षी त्या क्षय घेऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती, पण त्या रुजू होऊच शकल्या नाहीत. ‘पदवी होती का विचारलं असतंत तर हो म्हणाले असते. व्यवसाय विचारलात. व्यवसाय त्यांना करायला मिळाला कुठे?’

अभियंता म्हणाला, अख्खा महाराष्ट्र त्यांना डॉक्टर म्हणून ओळखतो, हा वकिली कावा आहे. मी कोल्हापूरची, त्यामुळे माझं मन ताईंकडे झुकलं. ज्या जागेवर ती मुलगी यायची होती आणि आली नाही, ते गाव माझं. पण खेळ म्हणून पाहिलं तर अभियंत्याचं खरं होतं. धरणाऱ्याने आपल्या मनातल्या काटेकोर अर्थाने उत्तर द्यायचं नसतं, समोरचा ज्या अर्थाने विचारतोय त्या अर्थाने द्यायचं असतं. हे मी ताईंना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, ‘समोरच्याच्या मनात काय आहे हे मला हो-नाही विचारून कसं कळणार?’ यावर माझ्याकडे काही नव्हतं.

(त्याच खेळात मला एक फार सुंदर प्रश्न सुचला होता, तो विचारायचा राहिला. ‘त्यांची समाधी महाराष्ट्रात आहे का?’ नाही. आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेत गेल्या, न्यू यॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, ज्यांनी त्यांना तिकडे लेक मानलं त्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या जागेत.)

या भांडणातून तिसरं उत्तर जन्माला आलं. धरणाऱ्याला एका खेळात दोनदा ‘तसं म्हटलं तर हो’ म्हणायची मुभा. दोनदाच, नाही तर सगळी उत्तरं तशीच यायची.

पुढची पाळी माझी होती. मी धरले पांडुरंग खानखोजे. आधी वाटलं, हे नाव अन्याय करणारं आहे, कारण निम्म्या लोकांनी तरी ऐकलेलं असावं असा आमचा संकेत होता. पण वर्ध्याचा माणूस आहे आणि वर्ध्याकडची मुलगी गटात आहे, म्हणून धीर केला.

पहिले प्रश्न भराभर गेले. हयात नाही, स्त्री नाही, जन्म आजच्या महाराष्ट्रात, १९०० च्या आधी. स्वातंत्र्यलढ्याशी संबंध? हो. गांधीजींच्या चळवळीतले? नाही. क्रांतिकारक? हो. इथे काकांना स्फुरण चढलं. फाशी? नाही. अंदमान? नाही. आता काका थोडे खाली आले. आपल्याकडे क्रांतिकारक म्हटला की या दोन दारांपैकी एकातून तो जायलाच हवा, अशी सवय झालीय डोक्याला. इंग्लंडात शिकले? नाही. अमेरिकेत शिकले? हो. ‘गदर पक्षाशी संबंध?’ हा ताईंचा, म्हणजे अमेरिकेतल्या भारतीय क्रांतिकारकांच्या संघटनेशी. हो.

‘विष्णू गणेश पिंगळे!’ काका.

‘त्यांना १९१५ ला लाहोरात फाशी दिलं, काका. फाशी नाही म्हणून सांगितलंय वर,’ ताई.

चुकीचं नाव सांगितलं की एक प्रश्न जातो. काका गप्प झाले. आणि मग सॅन होजेकडून मध्यरात्री तो प्रश्न आला, ‘क्रांतिकारक हीच त्यांची मुख्य ओळख आहे का?’

मी सकाळी कुकर लावून फोन हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. मुख्य ओळख कोणाच्या लेखी? वर्ध्या-नागपुरात विचाराल तर क्रांतिकारक. मेक्सिकोत विचाराल तर शेतीतज्ज्ञ, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयातला प्राध्यापक, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम करणारा, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढणारा. मी ‘हो’ टाइप केलं, पुसलं. ‘नाही’ टाइप केलं, पुसलं. गटात वर ‘टायपिंग’ दिसत होतं ते सगळे बघत होते. मस्कतच्या दादांनी लिहिलं, ‘एवढा वेळ लागतोय म्हणजे उत्तर सरळ नाही.’ बघा, न दिलेल्या उत्तरातूनही माहिती गळते! शेवटी माझ्या दोनातला एक ‘तसं म्हटलं तर हो’ खर्च केला.

त्यावरून त्यांनी बरोबर ताडलं की दुसरं काहीतरी मोठं आहे. शास्त्रज्ञ? हो. मुख्य काम भारतात? नाही. ‘मग अमेरिकेत?’

पुन्हा कुकरच्या शिट्ट्या आणि मी. अमेरिका म्हणजे देश की खंड? उलट विचारलं असतं तर त्या विचारण्यातूनच सगळं कळलं असतं. देशच असता तर मला शंका कशाला आली असती? विचारणारा राहतो कॅलिफोर्नियात, त्याच्या तोंडी अमेरिका म्हणजे संयुक्त संस्थानंच. म्हटलं, ‘नाही.’ पुढचा प्रश्न अभियंत्याचा, ‘दक्षिण अमेरिकेत?’ नाही. मेक्सिको उत्तर अमेरिकेत आहे, त्याला मी काय करणार! पण दोन्ही अमेरिका पुसल्या गेल्या असं धरून गट निघाला थेट जपानकडे.

दोनच प्रश्न उरले होते. तेव्हा मस्कतच्या दादांनी, निव्वळ गंमत म्हणून असं ते पुढे म्हणाले, विचारलं, ‘कोणा मोठ्या चित्रकाराने यांना चित्रात काढलंय का?’ माझ्या अंगावर काटा आला. हो! दिएगो रिव्हेराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत काढलेल्या भित्तिचित्रांत खानखोजे आहेत, पंगतीच्या मधोमध भाकरी वाटणारा माणूस म्हणून. मी नुसतं ‘हो’ लिहिलं आणि फोन पालथा ठेवला.

उचलला तेव्हा नागपूरच्या मुलीचा प्रश्न आलेला होता, दोन दिवसांतला पहिला. ‘मक्याशी संबंध?’ मी ‘हो’ पाठवायच्या आतच खाली नाव: खानखोजे.

त्यानंतर अर्धा दिवस भूगोलाचा तास. ‘मेक्सिको उत्तर अमेरिकेत कसा, तिथे स्पॅनिश बोलतात,’ हा काकांचा मुद्दा. ताईंनी नकाशा टाकला. काकांनी तो पाहिला असावा, निळ्या खुणा दिसत होत्या, पण त्यावर काही लिहिलं नाही. सॅन होजेचा म्हणाला की मी त्याच्या ‘अमेरिके’चा सोयीचा अर्थ लावला. अगदी खरं. तो समोरच्याच्या अर्थाने लावायचा हे मीच ताईंना ऐकवलं होतं, आणि या वेळी तसाच लावला होता. खानखोजे शेवटी भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात गेले, हे मुलीने सांगितलं तेव्हा ‘मृत्यू महाराष्ट्रात का?’ हा साधा प्रश्न कोणीच विचारला नव्हता हे सगळ्यांच्या लक्षात आलं. माणूस परदेशी गेला म्हटल्यावर तो तिकडेच मेला असणार, असं सगळ्यांनी न बोलता धरून टाकलं होतं.

धरणाऱ्याने एखादं खोटं उत्तर दिलेलं चालेल, असाही प्रकार अभियंत्याने आणला होता. पोलिश गणिती स्टानिस्लाव उलाम याने तसा प्रश्न मांडला होता, आणि दहा लाख आकड्यांसाठी एका खोट्यासकट पंचवीस प्रश्न पुरतात असं पुढे सिद्ध झालं. आकड्यांचं ठीक आहे. आमच्यात एक खोटं चालेल म्हटल्याबरोबर सगळी उत्तरं खोटी वाटू लागली. लवकरच सोडून दिलं.

त्याच्याकडूनच आला तो शेवटचा प्रकार. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर एका मेजवानीतली आठवण सांगत. खेळात त्यांची बाहेर जायची पाळी आली, आणि आतल्यांनी गुपचूप ठरवलं की शब्द धरायचाच नाही. ज्याला प्रश्न येईल त्याने हवं ते उत्तर द्यावं, अट एकच, आधीच्या सगळ्या उत्तरांशी जुळेल असं काहीतरी त्याच्या मनात हवं. व्हीलर विचारत गेले, उत्तरं यायला वेळ लागत गेला, शेवटी त्यांनी ‘ढग’ म्हटलं आणि सगळे हसले. पुंजभौतिकीत (क्वांटम फिजिक्समध्ये) निरीक्षण म्हणजे काय, ते समजवायला ते हा किस्सा वापरत.

आम्ही सॅन होजेवाल्याला यात घेतलं. तो झोपलेला असताना कट शिजला. उत्तरं पाळीपाळीने द्यायची, पण सगळी काकांच्या नावाने जातील. म्हणजे ज्याची पाळी त्याने काकांना वेगळं कळवायचं. हयात? दादांनी ठरवलं, नाही. स्त्री? ताई म्हणाल्या, आता तरी हो म्हणा. १९०० च्या आधी जन्म? हो. लेखिका? माझी पाळी, हो. इथपर्यंत सोपं होतं. नवरा प्रसिद्ध? अभियंत्याने ‘हो’ देऊन टाकलं आणि आम्ही बाकीचे घाबरलो, कारण आता प्रत्येकाच्या मनात एकेक बाई तयार झाली होती आणि त्या वेगवेगळ्या होत्या. माझ्या मनात रमाबाई रानडे. ‘नाशिक जिल्ह्यात जन्म?’ असा प्रश्न आला. पाळी नागपूरच्या मुलीची, तिने ‘हो’ म्हटलं आणि माझ्या रमाबाई गेल्या, त्या सांगलीकडच्या. मला दुसरी कोणी सुचेना. पुढचं उत्तर माझ्याकडे येऊ नये म्हणून मी अक्षरशः देव पाण्यात घातले होते. ‘धर्मांतर केलं?’ आता ताई. ताईंनी एका मिनिटात ‘हो’ कळवलं. आणि तिकडून नाव आलं, ‘लक्ष्मीबाई टिळक!’

कोणीही न धरलेल्या लक्ष्मीबाई, जलालपूरच्या, रेव्हरंड टिळकांच्या पत्नी, सगळ्या उत्तरांत चपखल बसत होत्या. तो खूश. इतक्या लवकर ओळखलं, कागदाचा फोटो टाका म्हणाला. काकांनी टाकला. आखीव वहीचं कोरं पान, कोपऱ्यात तारीख.

त्याला समजायला थोडा वेळ लागला, मग त्याने मराठीत ज्या शिव्या दिल्या त्या आईवडिलांनी तिकडे जाताना बांधून दिल्या असाव्यात. तेव्हापासून त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कोणी खरंच धरलंय का?’ तो वीसांत मोजायचा की नाही, यावर अजून एकमत नाही. ताई मोजत नाहीत. मी मोजते.